किनवटच्या सागाखालचा बारीक साप: वाळा की पोवळा?

आखाडा_किनवट: शेत जंगलाला लागून. सागाच्या कुजक्या पाल्याखाली वीत-दीड वीत लांबीचा, पेन्सिलीहून बारीक साप निघाला. अंग फिकट तपकिरी, डोकं काळं. काडी लागताच शेपूट गुंडाळून वर केलं. गडी म्हणतात वाळा आहे, हातानं उचलून टाका. बाया रोज तिथला पाला गोळा करतात, म्हणून विचारतोय.

सागपान: उचलू देऊ नका. वाळा १५-१७ सेंमीचा, सगळा एकरंगी काळपट, चकचकीत. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन ठिपके. तो बिनविषारी. शेपटीच्या टोकाचा काटा टोचतो, त्यालाच लोक चावा म्हणतात.
तुमचं वर्णन पोवळ्याचं वाटतं. शेपटीवर दोन काळी कडी बघा, एक बुडाशी, एक टोकाजवळ. पोट लाल, शेपटीची खालची बाजू निळसर. डिवचलं की शेपूट वळवून तोच रंग दाखवतो. विषारी आहे, नाग-मण्यारच्याच कुळातला.

खवले१३: काळतोंड्याही तपासा, डोकं त्याचंही काळंच. पण त्याचं शेपूट लांब आणि निमुळतं, पोट पिवळसर, कडेनं काळे ठिपके. पोवळ्याचं शेपूट आखूड, बोथट. अंगाच्या मधोमध खवल्यांच्या ओळी पोवळ्याला १३, काळतोंड्याला १७. पण जिवंत सापावर मोजत बसायचं काम नाही. लांबूनच झूम करून फोटो घ्या, त्यात शेपूट आलं पाहिजे. सगळे डोक्याचेच फोटो पाठवतात!

आखाडा_किनवट: फोटोत दोन्ही कडी दिसतात. पण पाल्यात वाळेही आहेत, मग?

सागपान: म्हणूनच पोवळा आलाय. वाळा मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या खातो आणि पोवळा वाळ्याला खातो. ‘इथं वाळेच निघतात’ म्हणून निर्धास्त राहणं तिथंच चुकतं. पाला हातानं न कवळता दाताळ्यानं ओढायचा, पसरायचा, मगच भरायचा. पायात बूट हवेत.

खवले१३: तोंड बारीक, त्यामुळे माणसाला क्वचितच चावतो. पण आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनते, पोवळ्याच्या नाही. म्हणून चावलाच तर आवळून बांधू नका, चिरू नका. हात-पाय न हलवता थेट दवाखाना गाठा आणि फोटो डॉक्टरांना दाखवा. पापण्या जड होणं, गिळायला त्रास, श्वास लागणं यांवर लक्ष ठेवावं लागतं. श्वास अडलाच तर कृत्रिम श्वासाची सोय लागते, त्यामुळे ती कुठल्या दवाखान्यात आहे हे आजच विचारून ठेवा.
साप मारू नका. आखाड्यात, म्हणजे शेतातल्या घरात, शिरला तर वनखात्याला १९२६ वर फोन करा.