एमपीव्ही १२.६ आलाय आणि सोमवारी आप्पांची अँजिओप्लास्टी आहे

मागवाल्याची_लेक (शनिवार, सकाळी)
आप्पा ६३ वर्षांचे. अक्कलकोट रोडला पस्तीस वर्षं मागावर उभे राहिलेत. छातीत दाटतंय हे सांगायलाच त्यांनी दोन महिने लावले. काल सीबीसी केली. प्लेटलेट २ लाख १० हजार, ठीक आहेत. पण एमपीव्ही (प्लेटलेटचा सरासरी आकार) १२.६, ठळक अक्षरात, आणि शेजारी ७.५ ते ११.५ छापलंय. रात्री वाचत बसले, तर प्लेटलेट मोठ्या असल्या की अँजिओप्लास्टीत हार्ट अटॅकचा धोका वाढतो म्हणे. डोळ्याला डोळा लागला नाही. आईला सांगितलेलं नाही. तारीख पुढं ढकलायची का?
आणि एक, दाढ काढली म्हणून सोमवारपासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या, बंद आहेत. त्या आता स्टेंट बसल्यावरच सुरू करायच्या ना?

जांभळं_झाकण
ताई, लॅबमध्ये चौदा वर्षं काढलीत. रक्त किती वाजता काढलं आणि मशीनवर किती वाजता लागलं?

मागवाल्याची_लेक
घरी येऊन साडेसातला नेलं. रिपोर्टवर वेळ १.४० आहे.

जांभळं_झाकण
सहा तास झाले की. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं, त्यात प्लेटलेट हळूहळू फुगतात. शिवाय मशीन बदललं की एमपीव्हीही थोडा बदलतो. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. मोठ्या प्लेटलेट बहुधा नव्या, जास्त चिकट असतात, आणि हृदयविकाराशी त्यांचा संबंध अभ्यासांत दिसलाय. पण सहा तास ठेवलेल्या ट्यूबचा आकडा बघून कुणाची तारीख हलवू नये.

कॅथलॅबमधली_सिस्टर
एमपीव्ही राहू द्या बाजूला. गोळ्या पाच दिवस बंद आहेत हे हृदयाच्या डॉक्टरांना माहीत आहे का? नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आत्ता फोन करा. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते. ॲस्पिरिन लागलेली प्लेटलेट मरेपर्यंत निकामी राहते, पण रोज नव्या तयार होतात. पाच दिवसांत जवळपास निम्म्या नव्या, गोळी न लागलेल्या. अँजिओप्लास्टीत धमनीत फुगा फुगवताना तिचं अस्तर फाटतं, स्टेंटची धातू रक्ताला लागते, आणि गुठळी धरते ती तिथंच. आपल्या मनानं गोळी सुरूही करू नका, किती घ्यायची ते तेच सांगतील.
प्लेटलेटवर गोळीचा असर किती होतो ते मोजून औषध वाढवायचा प्रयोगही झालाय. २०११ च्या ग्रॅव्हिटास चाचणीत, क्लोपिडोग्रेलचा असर कमी दिसलेल्यांना स्टेंटनंतर दुप्पट डोस दिला, तरी सहा महिन्यांत अटॅक कमी झाले नाहीत. गोळी न चुकवणं मात्र आपल्या हातात आहे. आधीचं आणि नंतरचं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) तेवढं विचारून घ्या.

मागवाल्याची_लेक (शनिवार, दुपारी)
फोन केला. डॉक्टर दोन मिनिटं गप्पच झाले. दातांच्या डॉक्टरांनी दोनच दिवस थांबवा म्हटलं होतं, आप्पांनी तसंच पुढं चालवलं आणि मी विचारलं नाही. दोन्ही गोळ्यांचा जास्तीचा डोस आजच द्यायला सांगितलाय. एमपीव्हीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

मागवाल्याची_लेक (बुधवार)
मनगटातून केली, एक स्टेंट. ट्रोपोनिन थोडंच वाढलं, अटॅक नाही म्हणाले. सिस्टर, तुमचे पाय धरायला हवेत. गोळ्यांची पाकिटं देवघरात ठेवलीत. आप्पा सकाळी सातला तिथं बसतातच.