मदत हवी आहे: कोषातून बाहेर पडल्यावर लंगफिश साठलेला युरिया कुठून टाकतो?

नमस्कार. बारावीच्या जीवशास्त्राच्या वर्गासाठी उत्सर्जनावर तक्ता करतेय. उदाहरण म्हणून पश्चिम आफ्रिकेतला लंगफिश (फुप्फुसांनीही श्वास घेणारा मासा), प्रोटोप्टेरस अ‍ॅनेक्टेन्स, घेतलाय, कारण मुलांना इतकं थक्क करणारं दुसरं काही मला सापडलं नाही.

सेनेगल, गॅम्बिया, नायजर या नद्यांच्या पूरमैदानांतली डबकी कोरड्या ऋतूत आटतात. मासा चिखलात शिरतो, अंगाभोवती चिकट स्रावाचा कोष करतो आणि तोंडाशी हवेसाठी वाट ठेवून महिनोन्‌महिने फुप्फुसांवर जगतो. पाण्यात असताना तो मुख्यतः अमोनिया टाकतो. कोषात लघवी जवळजवळ थांबते, टाकाऊ नायट्रोजन युरियाच्या रूपात शरीरातच साठतो. इथपर्यंत सगळं नीट जुळतंय.

अडलंय पुढे. पाऊस येऊन डबकं भरलं की हा साठा बाहेर जातो कुठून? मूत्रपिंडं लगेच कामाला लागतात, की कल्ले आणि त्वचेतूनच बराच युरिया जातो? ग्रीष्मनिद्रेवरचे (म्हणजे कोषातल्या या निपचित अवस्थेवरचे) लेख वाचले, पण त्यांचा भर कोषातल्या काळावर आहे. पुन्हा पाण्यात आल्यावरचं एका ओळीत उरकतात.

ऑस्ट्रेलियन लंगफिश नको, तो असा कोष करत नाही. व्हिक्टोरिया सरोवरातला प्रोटोप्टेरस एथिओपिकस, म्हणजे याच गटातली दुसरी प्रजाती, चालेल, मात्र प्रजाती स्पष्ट सांगा. इंग्रजी शोधनिबंध चालतील, फक्त मोफत वाचता येणारे हवेत.

तक्त्यात बाण कोणत्या अवयवाकडून काढू, आणि साठा उतरायला तास लागतात की दिवस?