आचऱ्यात अर्धवेळ काम: काय धरावं, काय सोडावं

मस्कतहून

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी भावजय आचऱ्याला असते, तालुका मालवण. बी.कॉम. झालीय, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येतं, लग्नाआधी एका दुकानाचा हिशेब बघायची. मुलगा तिसरीत, शिवाय आमच्या आईचं सगळं तीच करते. त्यामुळे ११ ते ४ एवढाच वेळ तिच्या हातात. सध्या तिला टेलिग्रामवर एक काम आलंय: हॉटेलांना रेटिंग द्यायचं, दिवसाला हजार रुपये, पण आधी २,००० भरायचे. मला ते अजिबात पटत नाही. पण ‘मग दुसरं काय करू, तुम्हीच सांगा’ असं ती विचारते तेव्हा मला काही सुचत नाही. गावची माहिती असलेल्या कुणी मार्ग दाखवावा.

वेंगुर्ल्याहून

दादा, आधी तिला फोन करा आणि ते पैसे भरू देऊ नका. ही सरळ फसवणूक आहे. सुरुवातीला शे-दोनशे खरंच खात्यात येतात, विश्वास बसतो. मग ‘मोठा टास्क’ म्हणून पाच हजार, वीस हजार मागतात, आणि आपले पैसे काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’ सुरू होतं. भरलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

आता कामाचं. आपल्याकडे बाईला अर्धवेळ काम म्हटलं की पहिलं नाव काजूचं निघतं. गर सोलायचं काम किलोवर असतं. बोटांनी, नाहीतर लहान सुरीने तांबूस साल काढायची, पण गर अख्खा राहिला पाहिजे, कारण तुकड्याला भाव कमी. पुढे प्रतवारी: डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर बसतील एवढा आकार. हात बसेपर्यंत किलो भरत नाहीत. आणि बी फोडायच्या टेबलावर बसवलं तर सालीतल्या तेलाने हात भाजतात, तिथे तिने अजिबात बसू नये. विचारायला गेली तर दिवसाला सरासरी किती किलो होतात, तुकड्याचे पैसे कापतात का, आणि येण्याजाण्याला काय पडतं, हे तिन्ही विचारून मगच हो म्हणावं. भाडं वजा करून उरतं तेवढीच खरी मजुरी.

तारकर्ली-देवबागला स्वयंपाकाचं काम मिळेल, पानामागे पैसे बरे देतात. पण पाहुण्यांची न्याहारी सकाळी आणि जेवण रात्री नऊला. तिच्या वेळेत ते बसत नाही, आईंची तर आबाळच होईल.

माझ्या मते तिने हिशेबाचंच काम धरावं. हातात आलेली विद्या सोडून किलोवर कशाला बसायचं? दरमहा जीएसटी भरणाऱ्यांची विक्रीची विवरणं ११ तारखेपर्यंत आणि मुख्य विवरण २० पर्यंत जायला लागतं. करसल्लागारांकडे त्या आधीच्या आठवड्यात बिलांचा नुसता ढीग असतो आणि माणूस मिळत नाही. महिन्यातले दहा-बारा दिवस, दुपारचे चार तास, असं काम तिथे मागून मिळतं. जून-जुलैत मासेमारी बंद, पाहुणेही कमी, तेव्हा इन्कम टॅक्सची विवरणं असतात, म्हणजे पावसाळाही कोरडा जात नाही. चार-सहा महिने एखाद्याकडे शिकून घ्यावं, मग आचऱ्यातली दुकानं, काजूवाले, आंबा बागायतदार स्वतः धरावेत. वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या न्याहारी-निवासवाल्यांना सहसा जीएसटी लागत नाही, पण बँकेत कर्ज मागताना त्यांना वह्या नीट लागतातच.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ठरवाव्यात. पैसे महिन्याचे ठरवायचे, आणि दुसऱ्याचा ओटीपी, पासवर्ड स्वतःकडे ठेवायचा नाही.

कुवेतहून

ताईंचं हिशेबाचं म्हणणं पटलं. पण स्वयंपाकाचं काम एवढ्यात मोडीत काढू नका. आमच्या मंडणगड तालुक्यात वेळासला कासवांच्या हंगामात पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, घरचंच जेवतात. बाईला कुठे जावं लागत नाही आणि पैसे घरातच राहतात. आचऱ्याला रामेश्वराच्या देवळामुळे माणसं येतातच. एखादी खोली असेल तर विचार करावा.

वेंगुर्ल्याहून

खोली स्वतःची असेल तर जरूर. आमच्या इथे मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, वल्ही स्वतः मारतात. धंदा आपला, वेळ आपण ठरवलेली, मधे दलाल नाही. पण खोली, संडास-बाथरूम नीट करायचं तर आधी पैसे घालावे लागतात, आणि ते आता भावजयीकडे नाहीत असं दिसतं. म्हणून हिशेबापासून सुरुवात, खोली पुढच्या दिवाळीला.

मस्कतहून

दोघांचेही मनापासून आभार. पैसे भरले नव्हते, तो ग्रुप तिने काल सोडला. खोली आहे, पण कौलं उतरवायला झालीत, तेव्हा ते नंतरच. सोमवारी ती मालवणला दोन करसल्लागारांना भेटायला जाते. आता एवढंच सांगा: आचऱ्याहून अकराच्या सुमारास एसटी आहे का, आणि चारच्या आत घरी पोचवणारी परतीची गाडी मालवणहून कितीला सुटते? नाहीतर बिलं घरी आणून टॅलीत भरायची मुभा मिळते का, हे तिने पहिल्याच भेटीत विचारून घ्यायला हवं.