निझ्नेवार्तोव्स्कच्या त्या चित्रातून खांती माणूस कुठे गेला?

कौलारू: मैत्रिणीने मॉस्कोहून एका चित्राचा फोटो पाठवला. सत्तरच्या दशकातलं निझ्नेवार्तोव्स्क, पश्चिम सायबेरियातलं नवंकोरं तेलाचं गाव. चिखलावर टाकलेल्या फळ्यांवरून एक तरुण बाई बाबागाडी ढकलत चाललीय. मागे चाकांवरच्या लाकडी खोल्या, अर्धवट उभ्या इमारती, क्षितिजावर केशरी उजेड. रंग सुरेख आहेत, तरी मला चित्र खोटं वाटतं. तेलाबरोबर वर येणारा वायू तिथे जाळतात, त्याचा तो उजेड. चित्रकाराने त्याचा सूर्यास्त केला. आणि ती दलदल ज्यांची, ते खांती लोक, त्यांची रेनडिअरं, यातलं काहीच नाही. सामोत्लोर या तेलक्षेत्राचं नावसुद्धा खांती. 'लोर' म्हणजे तळं. नाव ठेवलं, माणूस गाळला.

उत्तरवारा: पूर्ण असहमत. मी त्याच भागात, स्त्रेझेवोयला, अडीच वर्षं ड्रिलिंगच्या कामावर होतो. तुम्ही ज्याला खोटं म्हणताय ते माझ्या शेजारच्या आजींचं आयुष्य आहे. सामोत्लोर सापडलं 1965 मध्ये, निझ्नेवार्तोव्स्कला शहराचा दर्जा 1972 मध्ये, आणि रेल्वे पोचली 1976 मध्ये! तोवर सामान उन्हाळ्यात ओब नदीतून यायचं, हिवाळ्यात गोठलेल्या दलदलीवरून. चाकांवरच्या त्या खोलीला 'बालोक' म्हणतात. आजींची मुलगी बालोकमध्येच रांगायला लागली. दाराजवळच्या बादलीतलं पाणी रात्रीत गोठायचं. फळीवरून चाक घसरलं की गाडी चिखलात. चित्रातल्या बाईचे खांदे बघा, कसे आवळलेत. हे पाहिल्याशिवाय काढता येत नाही.

करंजेकर: मी कौलारूंच्या बाजूने. आम्ही उरणकडचे कोळी. बॉम्बे हायला तेल लागलं 1974 मध्ये, मग उरणला प्रकल्प आला. ज्वाळा आमच्या अंगणातून दिसते. पाहुणे म्हणायचे, रात्री किती छान दिसतं हो! आजोबा काही बोलायचे नाहीत, उठून आत जायचे. आमच्या शाळेच्या भिंतीवर समुद्रातला तेलाचा मनोरा रंगवला होता. होडी एकही नव्हती. तेव्हा खटकलं नाही, आता खटकतं.

रंगपेटी: त्या काळात सोव्हिएत चित्रकाराला दुसरं काय काढता आलं असतं, असं कुणी म्हणण्याआधी सांगते. पॉपकोवचं ब्रात्स्क धरणाच्या कामगारांचं चित्र 1960-61 चं, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. काळ्या पार्श्वभूमीवर ओळीने उभी माणसं, चेहऱ्यांवर थकवा, जल्लोष नाही. याला 'कठोर शैली' म्हणतात. म्हणजे गोड न करता काढणं शक्य होतं. पण आंगारा नदीकाठची जी गावं धरणात बुडाली, ती त्याही चित्रात नाहीत. कामगाराशी प्रामाणिक राहूनही चित्रकाराची नजर तिथेच थांबली. त्यामुळे उत्तरवारा, खांदे मान्य, पण तेवढ्याने कौलारूंच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

उत्तरवारा: खांतींबद्दलचं मान्य. मीही अडीच वर्षांत त्यांच्या वस्तीवर दोनदाच गेलो, याची लाज वाटते. पण सूर्यास्ताचं नाही पटत. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. आजी सांगायच्या, ज्वाळेचा उजेड बर्फावर पडून खिडकीतून आत यायचा, त्यात त्या मुलीचे मोजे विणायच्या. त्यांना तो उजेड सुंदरच वाटायचा. चित्रकाराने त्यांच्या खिडकीतून पाहिलं असेल तर?

कौलारू: हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खिडकी आजींची, मान्य. पण त्याच उजेडात कुणाची तरी रेनडिअरं बिथरत असतील, आणि त्या माणसाकडे कॅनव्हास नव्हता.