दिवाळीचा किल्ला: आईबाबांनो, कृती लिहा (अनुभव धागा)

सहामाही परीक्षा संपते, वसुबारस तोंडावर येते आणि मधल्या चार-सहा दिवसांत किल्ला उभा करायचा असतो. 'आमच्या वेळी' छापाच्या आठवणी पुष्कळ झाल्या. इथे फक्त कृती लिहू: काय वापरता, किती, कुठे फसतं. गावही लिहा, कारण माती गावागणिक वेगळी.

पुणे, पेठेतलं अंगण
नुसत्या मातीचा डोंगर करू नका, खचतो. आत दगड-विटा रचा, वर गोणपाट. गोणपाट आधी पाण्यात भिजवून पिळायचं, मग ताकाइतक्या पातळ चिखलात बुडवून दगडांवर टाकायचं. पडलेल्या चुण्या दाबू नका, त्याच कडे आणि घळी होतात. दुसऱ्या दिवशी वरून मातीचा जाड हात. पायऱ्या ओल्या मातीत पाडल्या तर ढासळतात. बोट टेकवल्यावर ठसा उमटतो पण माती चिकटत नाही, अशा वेळी मोजपट्टीच्या कडेने कापा. मावळे आधी आणा, दरवाजा नंतर करा. नाहीतर तीन इंची मावळा दोन इंची दरवाजातून जाणार कसा?

सोलापूर
आमच्याकडची काळी माती दिसायला झकास, पण सुकली की भेगाच भेगा. तीन घमेली मातीला एक घमेलं चाळलेली वाळू आणि दोन मुठी भुसा घाला. तरी भेग पडलीच तर कोरडी माती कोंबू नका, ती गळून पडते. भेगेत पाणी शिंपडून पातळ चिखल भरा.

डोंबिवली, तिसरा मजला
गॅलरीत डोंगरी किल्ल्याचा हट्ट कशाला? ओल्या मातीचं वजन भलतंच असतं, आणि चिखल जाळीतून गेला की पाण्याचा पाइप तुंबून खालच्या मजल्याशी भांडण ठरलेलं. सिंधुदुर्ग करा. १६६४ साली बांधायला घेतलेला हा जलदुर्ग बसका आहे, त्यामुळे माती फार लागत नाही. प्लायवुडवर जाड प्लॅस्टिक, त्यावर निळा कागद, मध्ये दोन इंच मातीचं बेट. तट सरळ रेषेत नको, नागमोडी हवा. दरवाजा समोरून दिसणार नाही असा वळणात लपवा. आत बाटलीच्या तीन टोपणांच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव.

नाशिक
हिरवळीसाठी अळीवच. गहू वीतभर वाढून मावळे गिळतो. अळीव भिजवून पेरू नका, बुळबुळीत गोळा होतो आणि एकाच जागी झुपका येतो. किल्ला ओला करून कोरडं बी चिमटीने भुरभुरवा, वरून माती नको. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवं होतं, म्हणजे वसुबारसेच्या आधी पाचेक दिवस पेरणी. पाणी फवाऱ्यानेच द्या. तांब्याने ओतलं की सगळं बी पायथ्याशी येतं. दाट पेरलं तर बुरशी धरते.

ठाणे
मावळ्यांच्या रांगेत स्पायडरमॅन आला तर हाकलू नका, हट्ट वाढतो. सिंहासनाजवळ फक्त मावळे, एवढा एक नियम पुरतो. बाकी मंडळींना बाजारपेठेत जागा द्या. मोठी खेळणी पुढे पायथ्याशी, बारकी वर. उलट केलंत तर डोंगर बुटका दिसतो.
खरा वाद दरवाजावरून होतो. मुलांना सिनेमातला हवा असतो, लांबून दिसणारा, भव्य. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांमध्ये वळणावर दडलेला आहे. समोर मोकळी जागाच नाही, त्यामुळे हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही. पुठ्ठ्याचे दोन बुरूज पुढेमागे ठेवून मुलांच्या हातात खेळण्यातला हत्ती द्या. पटतं लगेच, समजवावं लागत नाही.

कोल्हापूर
किल्ला म्हणजे सुळका हे डोक्यातून काढा. पन्हाळा वर ऐसपैस आहे, तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी सगळं आरामात मावतं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आहे (आणि तमिळनाडूतला जिंजीही). दरवर्षी त्यातला एकेक केला तर 'यंदा कुठला?' हा प्रश्नच मिटतो. तयार किल्ला विकत आणणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही.

बेळगाव
कारंजं: औषधाच्या दुकानातून नवा कोरा सलाईनचा सेट आणा, वापरलेला कधीच नको. पाण्याची बादली चार-पाच फूट उंचावर. नळीच्या टोकाला संपलेल्या रिफिलचं टोक, आतली बारीक गोळी टाचणीने काढून. जोड सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळा. नळीत बुडबुडा अडकला की धार उडत नाही, म्हणून आधी नळी दुसऱ्या भांड्यात सोडून पूर्ण भरून वाहू द्या, मग टोक बसवा. पाणी फडक्यातून गाळा, मातीच्या एका कणाने कारंजं बंद पडतं. धार बादलीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत कधीच पोचत नाही, तेव्हा उंची कमी वाटली तर बादली वर न्या, नळीशी झटापट नको. जोर कमी-जास्त करायला सेटवरची चकती असतेच.

लंडनजवळून
इथे गारठ्यात बाहेर काही उगवत नाही. घरात खिडकीशी पुठ्ठ्याचे खोके, वर्तमानपत्राचे बोळे, वर कणकेच्या खळीत बुडवलेले कागद. सुकायला दोन दिवस धरा. अळीव बागेच्या दुकानात 'क्रेस' नावाने मिळतात, ओल्या कापसावर येतात.

सातारा
पणत्यांचं कुणी लिहिलं नाही. सुकलेलं गोणपाट भुरकन पेटतं. पणती फरशीच्या तुकड्यावर ठेवा, तटावर नाही. मांजराला मऊ माती आवडते, रात्री वर जाळीची टोपली किंवा जुनी मच्छरदाणी टाका. अवकाळी पावसासाठी प्लॅस्टिक हाताशी असू द्या, पण उन्हं आल्यावर लगेच काढा, आत वाफ धरली की अळीव सडतात.
मोडताना आधी मावळे. ओल्या फडक्याने पुसू नका, रंग जातो. कोरड्या ब्रशने झटका, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवा. गोणपाट धुऊन वाळवा. माती कुंड्यांत घाला, वाळू मिसळलेली असेल तर जास्तच बरी, पाणी साचत नाही.