डिव्हायडरला चाक आपटल्यावर टो बरोबर येतो, तरी गाडी डावीकडे ओढते

चाकोरी
पुढचं डावं चाक डिव्हायडरच्या कडेवर आपटलं. हॅचबॅक आहे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम). रिम बदलून अलाइनमेंट केली, टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली तो कोन) हिरवा, म्हणजे मर्यादेत, आला. पण स्टिअरिंग सैल धरलं की गाडी डावीकडे जाते, आणि सरळ चालवताना ते थोडं उजवीकडे वळवून धरावं लागतं. प्रिंटआउट असा:
कॅम्बर (पुढून पाहता चाकाचा कल; वरची कड बाहेर झुकली तर +): डावा +०°५०′, उजवा −०°१०′
कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा, बाजूने पाहता, मागे कल): डावा २°२०′, उजवा ३°४०′
केपीआय (त्याच अक्षाचा, पुढून पाहता, आत कल): डावा ११°४०′, उजवा १२°४०′
उजव्या बाजूचे आकडे कंपनीच्या मर्यादेत आहेत. गॅरेजवाले म्हणतात, कॅम्बर-कॅस्टर या गाडीत सेट होत नाही. स्टिअरिंग काढून एक दाता सरकवून बसवू. करू द्यावं का?

सतरा-एकोणीस
अजिबात नाही. दाता सरकवला की रॅकचा (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याचा) मध्य आणि स्टिअरिंगचा मध्य वेगळे होतात, स्टिअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचं शून्य चुकतं. एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमागची गुंडाळलेली वायर) मध्यावर नसताना बसली तर एका टोकाला वळवताना तुटते. शिवाय वाकडं स्टिअरिंग आणि ओढणं या दोन तक्रारी वेगळ्या. पुढचा टो दोन चाकांत आपोआप वाटला जातो, त्यामुळे तो चुकला तर स्टिअरिंग वाकडं बसतं आणि टायर झिजतं, पण गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही. ओढतात ते कॅम्बर आणि कॅस्टर. गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरकडे आणि कमी कॅस्टरकडे जाते. तुमच्याकडे दोन्ही डावीकडेच.

आता कॅम्बर आणि केपीआयची बेरीज करा. डावीकडे १२°३०′, उजवीकडेही १२°३०′. बेरीज जुळली, म्हणजे नकल (चाकाचा हब धरणारा भाग) आणि शॉकअपची नळी बहुतेक सरळ आहे. त्यातलं काही वाकलं असतं तर बेरीजच बदलली असती. चाक सगळंच्या सगळं कललं आहे: एकतर खालचा बॉल जॉइंट (नकलचा खालचा सांधा) आत आणि मागे गेला, किंवा शॉकअपचा वरचा टॉप बाहेर आणि पुढे. वरच्या टॉपपासून बॉल जॉइंटपर्यंत साधारण ६०-६५ सेंमी धरले तर १ अंश म्हणजे सुमारे ११ मिमी.

वर की खाली, हे टेपने कळतं. सपाट जागी स्टिअरिंग सरळ ठेवा, दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा. डावं अंतर १०-१२ मिमीने कमी भरलं तर दोष खाली. सारखं भरलं तर बॉनेट उघडून टॉप ते टॉप आणि तिरकी मापं घ्या.

माझा अंदाज, लोअर आर्म (बॉल जॉइंटला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा हात) वाकला. क्रॉस मेंबर (दोन्ही आर्म ज्यावर बसतात तो आडवा भाग) उजवीकडे सरकला असता तर उजव्या चाकाचा केपीआयही उलट दिशेने बदलला असता. आर्म काढून नव्या आर्मशेजारी ठेवा, नुसत्या नजरेने वाक कळत नाही. आर्म सरळ निघाला तर त्याचे बोल्ट बसतात ती जागा मागच्या डेटम भोकांपासून (मापासाठी ठेवलेल्या भोकांपासून) तिरकी मोजा.

ओळंबा
वरच्याशी सहमत. आधी डावं-उजवं टायर अदलाबदल करून बघा. ओढ दिशा बदलत असेल तर दोष टायरचा. फिरण्याची दिशा ठरलेले टायर मात्र बदलू नका. आपले रस्ते डावीकडे उतरते असतात, म्हणून चाचणी सपाट जागीच.

गाडी घोडीवर घेऊन चाक घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवा, प्ले (ढिलेपणा) आला तर टाय रॉड एंड (रॅक आणि नकल जोडणाऱ्या दांडीचं टोक) किंवा रॅक. १२ आणि ६ वर आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दोन्ही टाय रॉडचे उघडे आटे मोजा. डावीकडे ५-६ कमी असतील तर वाकडेपणा टाय रॉडने झाकून टो हिरवा केलेला आहे. मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत स्टिअरिंगचे फेरेही सारखे हवेत.

आर्म तापवून सरळ करून देणारे भेटतील. नको. तापवल्याने धातूचा कस जातो आणि तडा आत राहतो. नवा आर्म बसवताना बुशचे (आर्मच्या रबरी सांध्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट करायला सांगा. लटकत्या चाकावर घट्ट केले की रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चाकोरी
ओळंबा सोडून मोजलं, डावी बाजू ११ मिमी कमी. विम्याचा क्लेम अजून उघडाच आहे.

सतरा-एकोणीस
मग आर्म काढण्याआधी सर्व्हेअरला दाखवा आणि पुरवणी एस्टिमेटमध्ये आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड टाका. झिरो डेप (घसारा न कापणारं विमा कव्हर) नसेल तर रबरी भागांवर ५०% कपात होते. शेवटी चारही चाकांची अलाइनमेंट, हवा सारखी भरून, आणि मागचा थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला ढकलतात त्या दिशेचा मध्यरेषेशी कोन) प्रिंटमध्ये मागा. तो शून्याजवळ नसेल तर मागचा बीमही सरकला असेल, आणि स्टिअरिंग पुन्हा वाकडंच बसेल.