मदत हवी आहे: रिझल्ट आणणाऱ्या टूलचं डिस्क्रिप्शन एजंटला कळेल असं कसं लिहू?

नमस्कार मंडळी, कॉलेजसाठी एक एमसीपी सर्व्हर (एआय एजंटला बाहेरची टूल्स वापरू देणारा प्रोग्रॅम) लिहितोय, त्यातलं एक टूल असं की सीट नंबर आणि आईचं नाव दिलं (आपल्या बोर्डाच्या दहावी-बारावीला देतो तसंच) की रिझल्ट जेसनमध्ये (JSON, डेटाचा एक फॉरमॅट) येतो. कोड नीट चालतोय, अडलंय डिस्क्रिप्शनपाशी, म्हणजे टूल काय करतं हे एजंटला सांगणाऱ्या मजकुरापाशी. मी नुसतं "विद्यार्थ्याचा रिझल्ट मिळवतो" एवढंच लिहिलेलं, आणि टेस्टिंगला खोट्या डेटात एका पेपरला "एबी" म्हणजे गैरहजर होतं तर एजंटने सरळ ० मार्क सांगितले आणि वर नापास ठरवून मोकळा! खऱ्या पोराला असं उत्तर गेलं असतं तर? पोटात गोळाच आला.

दुसरं म्हणजे आईचं नाव दिलं नाही तर एजंट मनानेच काहीतरी भरतो, फील्ड रिक्वायर्ड आहे ना, मग काहीतरी द्यायचंच. "माहीत नसेल तर विचार, अंदाज नको" हे पॅरामीटरच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहू का सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांत)? एबी, एटीकेटी, ग्रेस सगळ्यांचे अर्थ टूलमध्येच कोंबले तर प्रत्येक वेळी टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) जातात, त्यापेक्षा रिस्पॉन्समध्येच "गैरहजर" असं वेगळं स्टेटस द्यावं असं मला वाटतंय.

कुणी असं काही केलं असेल तर प्लीज तुमचं डिस्क्रिप्शन दाखवा, निकाल लागायच्या आत नीट करायचंय.